नणंदेचा वाटा

नवऱ्याच्या कारखान्याने आम्हाला पिंपरीतून उचललं आणि गुडगावात आणून ठेवलं. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणारं नवं युनिट निघालं होतं. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी धुळीने माखून परत यायचा आणि म्हणायचा, "बघशील तू, इथे सिंगापूर होणार आहे." मी म्हणायची, "होऊ दे की. तोवर आंघोळीचं पाणी कुठून येणार ते विचार तुझ्या सिंगापूरला." आमच्या सोसायटीत लिफ्ट होती, क्लबहाउस होतं, पोहायचा तलावसुद्धा खणून ठेवला होता. नळाला पाणी तेवढं नव्हतं. ते टँकरने यायचं. टँकरवाल्याला मी एकदा विचारलं, भैया, पानी कहाँ से लाते हो? त्याने अरवलीच्या टेकड्यांकडे हनुवटी केली आणि म्हणाला, "गाँव के बोर से, मैडम." त्या दिवशी केस धुताना मला जरा लाजच वाटली. पण धुतले, नाही कशाला म्हणू.

पुण्यात असताना मी पाणलोटाच्या कामात होते. डोंगरउतारावर चर खणायचे, ओढ्याला बांध घालायचे, गावाला बसवून पाण्याचा आराखडा करून घ्यायचा, हेच काम. इथे बाराव्या मजल्यावर बसून मी करणार काय? लेक शाळेत गेली की घर खायला उठायचं. शेवटी एका लहानशा संस्थेत काम मिळालं. मानेसरच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं, त्याचा आराखडा करायचा होता. कागदावर विषयाचं नाव भलतंच भारदस्त होतं: हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी लोकसहभागातून नियोजन. मी संस्थेच्या इंजिनिअर साहेबांना म्हटलं, "हे गावात नुसतं वाचून दाखवलं तरी माणसं उठून जातील." आमचे साहेब गढवालचे, अतिशय शांत गृहस्थ. त्यांच्या वाट्याचा राग देवाने बहुधा मलाच देऊन टाकला होता. ते म्हणाले, "मत पढ़ना."

नाही वाचलं. गावात नुसतं विचारलं, पाऊस कसा आहे हल्ली? त्यावर तासभर बोलले सगळे. गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या म्हाताऱ्याला सगळे ताऊ म्हणायचे, त्याचा शब्द गावात चालायचा. तो म्हणाला, पूर्वी श्रावणात झड लागायची. चार-चार दिवस बारीक पडत राहायचा, जमीन पीत राहायची. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळतो, टेकडीवरून लोंढा येतो आणि पुढे सगळं ठणठणीत. गेल्याच पावसाळ्यात त्या लोंढ्याने जोहडाचा बांध फोडला होता. जोहड म्हणजे गावतळं. बांध फुटल्यापासून तळ्यात पाणी ठरत नव्हतं आणि विहिरी माघातच कोरड्या पडायला लागल्या होत्या. हवामान बदल म्हणतात तो हाच, हे त्यांना सांगायला मी कोण?

मी महाराष्ट्रातली आहे हे कळल्यावर ताऊ हुक्का गुडगुडवत म्हणाला, "मराठे तो पानीपत तक आए थे. तू म्हारे जोहड़ तक आ ली." मी म्हटलं, ताऊ, यावेळी जिंकून जाणार. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

मग आम्ही शिवारफेरी केली. शिवारफेरी म्हणजे सगळं शिवार पायी फिरायचं, पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघायचं. ताऊ, साहेब, मी आणि गावातले पाच-सहा पुरुष. गोष्ट साधी होती. फुटलेला बांध नव्याने उंच बांधायचा, त्याला जास्तीचं पाणी जायला दगडी सांडवा काढायचा, म्हणजे एका दुपारी कोसळलेला पाऊससुद्धा तिथे थांबेल आणि हळूहळू मुरेल. साहेबांनी दुर्बीण लावून पातळी काढली, मी चुन्याने रेघ ओढत गेले. पाणी इथवर चढणार, ती रेघ. रेघेच्या आत गावची पडीक जमीन होती, बाभळी होत्या आणि एकच पिकतं रान होतं. त्या रानात एक बाई बाजरी खुरपत होती. पदर छातीपर्यंत ओढलेला, खाली नुसते हात दिसत होते आणि ते हात थांबत नव्हते. मी चुना टाकत तिच्या बांधावरून गेले तेव्हा मात्र थांबले.

ती विधवा होती, पदरात दोन मुली. तिचा थोरला दीर आमच्याबरोबरच चालत होता. तो म्हणाला, "म्हारा ही खेत सै. म्हारी ओर तै कोई ऐतराज कोन्या." आमची हरकत नाही, असं. बाई खाली बघून पुन्हा खुरपायला लागली.

आठवड्याने चौपालवर, म्हणजे गावच्या चावडीवर, बैठक झाली. पुरुष खाटांवर आणि मुढ्यांवर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलांवर. बायका आल्या, मी हट्टच धरला होता, पण त्या चौपालच्या भिंतीपलीकडे बसल्या. गावच्या सुनेने थोरल्या दिरासमोर, सासऱ्यासमोर बोलायचं नाही, आणि गावातले सगळे वडीलधारे पुरुष नात्याने दीर नाहीतर सासरेच. मी भिंतीच्या टोकाशी उभी राहिले, म्हणजे मला दोन्हीकडची माणसं दिसत होती. रेघेच्या आतलं रान पावसाळाभर पाण्याखाली जाणार, खरिपाचं पीक येणार नाही, पाणी कार्तिकात उतरेल तेव्हा ओलीवर हरभरा-मोहरी घेता येईल, हे सगळं मी सांगितलं. मग भिंतीकडे वळून विचारलं, "भाभी, खेत आपका है. आपको मंज़ूर है?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं नाही. ताऊ म्हणाला, "बहू बोली कोन्या. मतलब हाँ सै." साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

माझं डोकं सणकलं. "वा! गप्प बसली म्हणजे हो?" मी मराठीतच सुरू झाले होते, मग हिंदीत आले. "आमच्याकडे मांजराला दूध नको असेल तर तेसुद्धा तोंड फिरवतं, ताऊ!"

ताऊ शांतपणे म्हणाला, "बहनजी, बहू तो मुँह भी फेर ले, घूँघट में दीखेगा किसनै?"

सगळी चौपाल हसली. भिंतीपलीकडच्या बायकासुद्धा फिसकन हसल्या. मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. साहेबांनी टोपण परत लावलं, एवढं मात्र झालं. बैठक पुढे ढकलली गेली.

बैठकीनंतर मी त्या बाईच्या घरी गेले. मला वाटलं, ती म्हणेल, बरं झालं बोललात. तिने ताकाचा पेला माझ्या हातात आपटल्यासारखा ठेवला आणि पदर मागे सारला. माझ्यापेक्षा लहानच होती. "जेठ के आगे मेरा नाम क्यूँ लिया? किसनै कही थी?" जेठ म्हणजे थोरला दीर. मी म्हटलं, रान तुमचं, म्हणून तुम्हाला विचारलं. तर म्हणाली, "पूछा तो सबके आगे. अकेले में पूछ लेती." खरंच होतं तिचं. मी ताक प्यायले. झकास होतं.

मग ती खाली बसली आणि तिने मला नीट समजावून सांगितलं. पाण्याला ती भीत नव्हती. सासरा आदल्या हिवाळ्यात वारला होता. त्याची जमीन कागदावर अजून एकत्रच होती, वाटणी झालेली नव्हती. घरातल्या घरात ठरलं होतं की सखल रान धाकट्याच्या विधवेने कसायचं आणि बाकीचं थोरल्याने. त्याला पुरावा काय? ती नांगरते, एवढाच. तिथे ज्याचा नांगर त्याचं रान. एक पावसाळा तिचा नांगर थांबला की थोरला म्हणणार, हे रान तर तू सोडलंस. रस्त्याकडची जमीन बघायला दिल्लीची माणसं गाड्या घेऊन यायला लागली होतीच, त्यांना फार्महाउस हवी होती, तळ्याकाठी तर फारच हवी होती. थोरल्याने हरकत नाही म्हणून एवढ्या तत्परतेने का सांगितलं ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

"पानी तो कातिक में उतर ज्यागा, बहनजी," ती म्हणाली. "जेठ चढ़ गया तो ना उतरै."

बांध झाला नाही तर गावाच्या विहिरी जातात, बांध झाला तर हिचं रान जातं आणि दोन मुलींना घेऊन ही दिराच्या दारात उभी राहते. असा तो पेच होता. मी साहेबांना म्हटलं, बांध वर सरकवू. त्यांनी आकडे मांडून दाखवलं, वर नाल्याला उतार फार, पाणी ठरणार नाही. मी म्हटलं, मग आराखड्यातच लिहू की ओलीवरचं पीक हिचंच. ते म्हणाले, "मॅडम, जमिनीची वाटणी करणारे आपण कोण?" ताऊकडे गेले. तो म्हणाला, घरातली बाब आहे, घरात सुटली पाहिजे. चार दिवस मी घरी सगळ्यांवर करवादत होते. लेकीला म्हटलं, ओढ्याचा प्रश्न आहे गं. तर ती विचारते, "आई, ओढा म्हणजे?" नाला, असं सांगितलं तर गुडगावच्या शाळेत जाणाऱ्या त्या पोरीच्या डोळ्यांसमोर गटार उभं राहिलं. म्हटलं, जाऊ दे, तू अभ्यास कर.

श्रावणात तीज आली. आपल्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात तशा तिकडे तिजेला येतात, झाडाला झोके बांधतात. थोरल्याने आपल्या बहिणीला रेवाडीकडून आणवलं. तिला आणायला यंदा आणखी एक कारण होतं. बापाच्या जमिनीत कायद्याने तिचाही वाटा होता आणि दुसऱ्या दिवशी तहसिलीत नेऊन तो वाटा भावाच्या नावे सोडून दिल्याचा तिचा अंगठा घ्यायचा होता. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. आमच्या आईने मामांना हक्कसोड लिहून दिलं तेव्हा तिला एक इरकली लुगडं मिळालं होतं. "जमीन गेली, माहेर राहिलं," असं ती कायम म्हणायची.

नणंद येणार म्हटल्यावर मी भाभीला बजावलं, जपून राहा, ती भावाचीच बाजू घेणार. नणंद-भावजयीचं कुठे जमलंय? भाभी पीठ मळत राहिली.

नणंद पाहिली आणि मी जरा दबकलेच. उंच, धिप्पाड, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस वळून बघेल. आणि उघड्या तोंडाने चालायची! ज्या पुरुषांना बघून गावच्या सुना भिंतीला चिकटायच्या, त्यांना ही भर रस्त्यात हटकायची, चाचा, दाँत बनवा ले, पैसे साथ ना जांगे. गावची लेक ना ती. लेकीला गावात पदर नाही आणि तोंडाला कुलूपही नाही.

दुपारी ती म्हणाली, मला ते रान दाखवा. आम्ही तिघी गेलो. भाभी आणि ती भराभर बोलत होत्या, मला निम्मंच समजत होतं. माझ्या चुन्याच्या रेघेवर उगवलेलं गवत बाजूला सारून तिने विचारलं, पाणी इथवर येणार? किती दिवस थांबणार? मी सांगितलं. मग तिने भावजयीला विचारलं, एकदाच, हळू आवाजात. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. भाभी जमिनीकडे बघून बराच वेळ बोलली. तिचं बोलणं संपल्यावर नणंदेने तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "चल, चाय बना." मला कोणी काही सांगितलं नाही. मी आपली मागून गवत तुडवत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौपालवर पुन्हा बैठक होती. थोरल्याला ती उरकून बहिणीला तहसिलीत न्यायचं होतं, गाडीसुद्धा सांगून ठेवली होती. त्याने उभं राहून सांगितलं की आमच्या घराची हरकत नाही, बहीणही आज आपला वाटा माझ्या नावे करते आहे, तेव्हा घरचा मालक मीच, लिहून घ्या. साहेबांनी पेन काढलं.

नणंद बायकांकडे न बसता सरळ पुरुषांत आली होती. हुक्का बाजूला सारून तिने मुढा ओढून घेतला. "ताऊ, इस गाम की बेटी सूँ. बोल सकूँ?"

"बेटी नै कौन रोकै," ताऊ म्हणाला.

"तो सुण ल्यो. मैं अपना हिस्सा ना छोड़ूँ."

थोरला हसला. त्याला ती थट्टा वाटली. तिची थट्टा नव्हती. ती म्हणाली, माझा वाटा मी नेणार नाही, विकणार नाही, त्याची एक पै मला नको. माझा वाटा त्या सखल रानात धरा, भाभीच्या वाट्याला लागून. सावन-भादोंत त्यावर गावाचं पाणी उभं राहील, कातिकात पाणी उतरलं की भाभी पेरेल. तिचा नांगर दोन महिने थांबला म्हणून रान सुटलं असं कोणी म्हणायचं नाही. आणि कोणाला ते विकायचं असेल तर माझा अंगठा लागेल, आणि माझा अंगठा, तिने अंगठा सगळ्यांना दाखवला, माझ्याच हाताला राहील. मग भिंतीकडे तोंड करून तिने हाक मारली, "भाभी! तन्नै मंजूर सै?"

नणंदेला उत्तर द्यायला सुनेला बंदी नसते. भिंतीपलीकडून आवाज आला, "मंजूर सै." बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. ताऊने हुक्क्याचा एक झुरका घेतला आणि साहेबांना म्हणाला, "लिख ले. बहू बी बोली."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवायला हात वर केले. ताऊने माझ्याकडे पाहिलं. "ना, बहनजी," तो म्हणाला. "छोरी आज घर खोकै बैठी सै." पोरगी आज घर गमावून बसली, असं.

थोरला उठून उभा राहिला होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो साध्या आवाजात म्हणाला, "ठीक सै. फेर पीहर नै भूल ज्याइए." माहेर विसर. एवढं म्हणून तो निघून गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नणंद मुढ्यावर तशीच बसून होती, अंगठा मुठीत आत घेतलेला.

संध्याकाळी तिला बसपर्यंत सोडायला भावाच्या घरातलं कोणी आलं नाही, म्हणून आमच्या जीपमधून तिला नेलं. वाटेत झाडांना झोके होते, त्यावर गावच्या पोरी किंचाळत होत्या. मी मागे वळून म्हटलं, "आप बहुत अच्छा बोलीं." ती फाडकन म्हणाली, "अच्छा? तू चालैगी मेरी सासू के धोरै? उसनै के कहूँगी?" सासूपुढे तू येशील का, तिला काय सांगू, असं. मग तिने मला सांगितलं, आणि सांगताना तिचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. ज्या बाईकडे माहेरचं कोणी येत नाही तिला सासरी कोणी विचारत नाही. तिच्या मुलीच्या लग्नात मामाचा आहेर आला नाही की मांडवात सगळ्यांदेखत नाक कापलं जातं. बाप गेला होता, एक भाऊ गेला होता, उरलेला आज तिने हाताने घालवला. मी पुढे तोंड करून बसले. आईचं ते इरकली लुगडं मला सारखं आठवत होतं आणि आईचा रागही येत होता आणि तिची कीवही. बस आली, ती चढली, तिने मागे पाहिलं नाही.

हिवाळ्यात बांध झाला. यंत्राने माती टाकली, सांडव्याचे दगड गावाने रचले. थोरला एकदाही आला नाही, पण आडवाही आला नाही. त्याला ताऊने काय सांगितलं होतं ते ताऊ जाणे. पुढच्या श्रावणात पाऊस उशिरा आला आणि आला तो सगळाच एका दुपारी. मी सोसायटीत होते. खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या चाकांपर्यंत पाणी चढलं, लोक बाल्कनीतून व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण करत होते, आणि माझा जीव तिकडे बांधावर. दुसऱ्या दिवशी गेलो तर सांडव्यावरून पाणी शिस्तीत वाहत होतं. बांध जागच्या जागी. साहेब बांधावर उकिडवे बसले आणि कधी नव्हे ते मोठ्याने हसले. भाभीचं रान दिसतच नव्हतं, गढूळ पाण्यावर नुसते बगळे. ती काठावर उभी होती. मी विचारलं, काय वाटतं? म्हणाली, "चना आच्छा होगा." हरभरा चांगला येईल.

मग तिने मला विचारलं, तिजेला माझ्याबरोबर रेवाडीकडे चलशील का?

तिकडे एक रीत आहे. तिजेला भाऊ बहिणीच्या सासरी कोथळी घेऊन जातो. कोथळी म्हणजे मिठाईचं गाठोडं, त्यात घेवर, घरी तळलेल्या गोड सुहाळ्या, जमलं तर कापड. ती भावानेच न्यायची, नाहीतर भाच्याने. बाईने न्यायची नसते. त्या गाठोड्यातली मिठाई बहीण गल्लीत घरोघर वाटते, म्हणजे गावाला कळतं की हिच्या माहेरी हिची आठवण आहे. त्या वर्षी थोरला गेला नव्हता. आणि भाभीने दोन दिवस चुलीपुढे बसून सुहाळ्या तळल्या होत्या.

आम्ही दोघी बसथांब्यावर उभ्या होतो. ताऊ तिथेच झाडाखाली होता. त्याने हवेत बघत विचारलं, "कित चाली, बहू?" तिला बोलायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, कोथळी द्यायला चाललोय, ताऊ. तो काठी घेऊन उठला. म्हटलं, आता म्हातारा रीतभात काढणार. तर बस न थांबता पुढे चालली होती, तिच्यासमोर तो काठी उगारून मधोमध जाऊन उभा राहिला. "रोक! कोथळी जा री सै!"

बसमध्ये गर्दी होती. भाभीने गाठोडं मांडीवर धरलं होतं, वरून दोन्ही हातांनी झाकलं होतं, तरी कोणाचं तरी कोपर लागलं आणि आतून सुहाळ्या मोडल्याचा आवाज आला. तिने पदराआडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चवीला काही होत नाही.

नणंदेच्या अंगणात तिची सासू खाटेवर बसली होती. "किसकी बहू सै?" असं तिने विचारायला आणि नणंद गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर यायला एकच गाठ पडली. ती जागीच थांबली. आधी म्हणाली, "अकेली आई? बस में? अकल मारी गई तेरी?" मग तिला गाठोडं दिसलं.

तिकडे माहेरचं माणूस भेटलं की गळ्यात पडून मोठ्याने रडायचा रिवाज आहे, सूर लावून रडतात. त्या दिवशी त्यात सूर नव्हता. शेणाचे हात दोन्ही बाजूंना लांब धरून नणंद भावजयीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडले, उगाच कशाला लपवू. सासू खाटेवरून बघत होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पाणी तो प्या दे बहू नै."

नणंदेने हात धुतले, भावजयीला पाणी दिलं. मग गाठोडं सोडलं. सुहाळ्यांचे तुकडे झाले होते, घेवर एका बाजूने चेपला होता. तिने ते सगळं परातीत काढलं, पदर तोंडावर ओढला, कारण इथे ती सून होती, आणि परात घेऊन गल्लीत उतरली. आम्ही दारातून बघत होतो. पहिल्या दाराशी एका बाईने विचारलं, "भाई आया के?"

"भाभी आई सै," नणंद म्हणाली. तो आवाज तिचाच होता, माहेरच्या गल्लीतला. पदराआडूनही सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

तिने एक दार सोडलं नाही. शेवटच्या घरापर्यंत जाईतो परातीत नुसता चुरा उरला होता. तोही तिने ओंजळीने त्यांच्या वाटीत घातला, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी मोठ्यांदा सांगितलं, "भाभी आई सै."